वस्तीतील साक्षरता वर्ग: सही येते, त्यापुढे गाडी का अडते?

पाटीवाली

पुण्याच्या एका उपनगरातील वस्तीत आम्ही चार मैत्रिणी गेली दोन वर्षे प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग चालवत आहोत. वर्ग समाजमंदिरात रात्री साडेआठ ते दहा या वेळात, आठवड्यातून चार दिवस भरतो. येणाऱ्या बहुतेक जणी चार-पाच घरची धुणीभांडी करतात, काही बांधकामावर जातात, दोघी भाजी विकतात. पहिल्या वर्षी २२ जणींनी नावे दिली होती. दिवाळीनंतर ११ उरल्या. या चर्चामंचावर शिक्षण क्षेत्रातील बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात आम्ही प्रत्येकीच्या स्वतःच्या नावापासून केली. कमलबाईंच्या नावात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी नाव लिहिता आले आणि त्यांनी ते घरी पिठाच्या डब्यावर खडूने लिहून ठेवले. द्रौपदाबाईंना मात्र पहिल्याच अक्षरात जोडाक्षर, काना आणि दोन मात्रा असा सगळा घाट एकदम चढावा लागला. (आईवडिलांनी नाव ठेवताना ही अडचण लक्षात घ्यायला हवी होती, असे त्या स्वतःच हसून म्हणतात.) तरीही दोन-अडीच महिन्यांत सगळ्यांना सही येऊ लागली आणि गाडी नेमकी तेथेच अडली. कमलबाई 'कमल' झोकात लिहितात, पण त्याच तीन अक्षरांची जागा बदलून मी फळ्यावर 'कलम' लिहिले, तर त्यांना तो शब्द वाचता येईना. याचा अर्थ त्यांनी अक्षरे शिकलेली नाहीत. नावाचे एक चित्र काढायला त्या शिकल्या आहेत.

त्यात आणखी एक प्रसंग घडला. आमच्यापैकी एका बाईंनी मोठ्या हौसेने बँकेत जाऊन अंगठ्याऐवजी सही नोंदवली. तीन महिन्यांनी त्या पैसे काढायला गेल्या, तेव्हा सही नमुन्याशी जुळत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. मधल्या काळात हात बसला होता, अक्षर सुधारले होते आणि सुधारले म्हणूनच ते जुळत नव्हते. त्यांनी पुन्हा अंगठा लावला आणि त्या आठवड्यापासून वर्गाला येणे थांबवले.

सहीनंतरचा हा टप्पा कोणी ओलांडला असल्यास कसा ओलांडला, ते कृपया सविस्तर सांगावे.

जुना मास्तर

ताई, आपण जे लिहिले आहे ते मी लहानपणी सातारा जिल्ह्यात पाहिलेले आहे. १९५९ मध्ये तेथे ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. दिवसा आम्हाला शिकवून रात्री ते कंदील घेऊन चावडीत मोठ्यांना शिकवायला बसत. गावातील सर्व प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. गुढ्यातोरणे, लेझीम, पाहुण्यांची भाषणे, सगळे गाव लोटत असे. गावाची अब्रू पणाला लागल्यामुळे एरवी वर्गाकडे न फिरकणारी माणसेही पाटी घेऊन येत, हे त्या मोहिमेचे बलस्थान होते. आणि समारंभ झाला की काम संपले असे सर्वांना वाटे, हीच तिची उणीव होती. आमच्या गावात दोन-तीन वर्षांनी पाहिले तर कीर्तनाच्या निमित्ताने पोथीशी संबंध राहिलेले आणि सहकारी सोसायटीच्या कामात असलेले वाचत होते. बाकीच्यांच्या हातात खुरपे होते आणि अक्षर विसरले होते.

एक हिशेब मांडतो. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि त्यानंतरच्या संपूर्ण साक्षरता अभियानात तीन भागांची वाचनपुस्तिका वापरली जात असे. ती पूर्ण करण्यासाठी साधारण २०० तास धरलेले होते. आपला वर्ग आठवड्याला सहा तास चालतो, म्हणजे एकही दिवस न चुकवता तेहेतीस-चौतीस आठवडे झाले. घरची दुखणी, पाहुणे, लग्नसराई, गावची जत्रा आणि पाण्याच्या टँकरची वेळ लक्षात घेता आपल्या विद्यार्थिनी निम्मे तास बसत असतील, तर हा काळ सव्वा वर्षाच्या पुढे जातो. दोन-अडीच महिन्यांत सही आली म्हणजे आपण वाटेच्या पहिल्या चौथाईतच आहात. गाडी अडलेली नाही, ती अजून स्थानकातून पुरती बाहेरही पडलेली नाही.

व्यवहारी

मला कदाचित कठोर ठरवले जाईल, पण प्रश्न विचारायलाच हवा. आज भाजीच्या गाडीवरचे यंत्र किती रुपये जमा झाले ते मराठीत बोलून सांगते. निरोप आवाजात पाठवता येतो, फोनला तोंडी विचारले की तो उत्तर देतो. दिवसभर दहा तास राबून आलेल्या पन्नाशीच्या बाईने रात्री दहापर्यंत बाराखडी गिरवावी, ही अपेक्षा तिच्या गरजेतून आली आहे की आपल्या समाधानातून? ज्या अर्ध्या जणी वर्ग सोडून गेल्या, त्यांनी आपल्या परीने याचे उत्तर दिलेलेच आहे.

मुद्रांकवाला

व्यवहारी यांच्या प्रश्नाला माझ्या धंद्यातून उत्तर देतो. मी दस्तलेखक आहे आणि वीस वर्षे तालुक्याच्या गावी खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे लिहीत आलो आहे.

दस्तावर अंगठा उठणार असेल, तर आम्ही सगळेच जरा सावध होतो. मजकूर वाचून दाखवला जातो, अंगठा कोणाचा ते शेजारी लिहिले जाते, ओळखणारा साक्षीदार सही करतो. पुढे वाद झाला, तर त्या बाईला मजकूर समजावून सांगितला होता का, हे न्यायालय बारकाईने पाहते. तीच बाई सही करू लागली की चित्र पालटते. सही केली म्हणजे वाचून, समजून केली असे सर्व जण गृहीत धरतात; भाऊ, पुतणे, दीर, आम्ही दस्तलेखकसुद्धा. हक्कसोडपत्रावर वळणदार सही करून गेलेल्या आणि आपण नेमके काय सोडले, हे वर्षभराने मला विचारायला आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. ज्या साक्षरता वर्गाने त्यांना सहीपुरते शिकवून सोडून दिले, त्या वर्गाने त्यांच्या अंगठ्याचे संरक्षण काढून घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही.

फोन मजकूर वाचून दाखवेल, हे मान्य. पण फोन पुतण्याच्या हातात असतो.

तेव्हा पाटीवाली ताई, माझी विनंती आहे की सही शेवटी शिकवा. आधी 'मी', 'माझा', 'हिस्सा', 'हक्क', 'रक्कम' आणि 'रुपये' हे शब्द ओळखायला शिकवा. बाईंना संपूर्ण दस्त वाचता आला नाही तरी चालेल. 'हक्क' हा शब्द दिसला की थांबून विचारण्याइतके त्यांना आले, तरी माझ्यासारख्याच्या टेबलावरची हवा बदलेल.

चष्मेवाला

मी नेत्रतपासणी करतो, त्यामुळे शिकवण्याच्या पद्धतीवर बोलणार नाही. पण धागा येथवर वाचला आणि एका गोष्टीचा उल्लेख कोठेही आला नाही, याचे नवल वाटले. पाटीवाली यांच्या वर्गातील बायकांचे वय काय आहे? चाळिशीच्या आसपास डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. वाचणाऱ्या माणसाला हे लगेच कळते, कारण वर्तमानपत्र लांब धरावे लागते. ज्या व्यक्तीने आयुष्यात कधी वाचलेच नाही, तिला हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. तिला लांबची बस नीट दिसते, म्हणून आपले डोळे चांगले आहेत असे तिला वाटते. मग वर्गात पुस्तक पुढे आले की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' एकसारखे दिसतात आणि तिची समजूत होते की आपले डोकेच चालत नाही. शिकवणारीचीही तीच समजूत होते.

तपासणीला नेण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारून पाहावा: घरात सुईत दोरा कोण ओवून देते? नातीकडून किंवा सुनेकडून ओवून घेते असे उत्तर आले, तर आधी चष्मा आणि मग ग म भ न. बऱ्याच जणींना वाचनाचा साधा तयार चष्मा पुरतो आणि तो दीड-दोनशे रुपयांत मिळतो. मात्र एकदा नीट तपासणी करून घ्यावी, कारण या वयात मोतीबिंदूही निघतो. समाजमंदिरातील दिवा फळ्यावर आहे की वह्यांवर, हेही पाहावे.

चौथीचा वर्ग

मी मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि सध्याच्या 'उल्लास' म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमाचे काम आमच्या शाळेकडे आहे. हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी असून १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ५ कोटी असाक्षरांना साक्षर करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठीची एकूण तरतूद १०३७.९० कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा ७०० कोटींचा आहे. भागाकार केला तर एका शिकणाऱ्यामागे साधारण २०८ रुपये येतात. चष्मेवाला यांनी सांगितलेल्या चष्म्यातच ही रक्कम जवळजवळ संपेल. शिकवणारा स्वयंसेवक असतो व त्याला मानधन नसते. २०२३ मध्ये असाक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता, त्यामागे हेही कारण होते की दिवसभराच्या शाळेवर अशी कामे चढत जातात. मी स्वतः त्या बाजूचा होतो आणि आज वर्गही घेतो. दोन्हींत मला विसंगती वाटत नाही.

परीक्षा १५० गुणांची असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असून प्रत्येक भागात ३३ टक्के मिळवावे लागतात. प्रश्नपत्रिका माझ्या मते बरी असते. सहीचे चित्र काढून कोणी उत्तीर्ण होऊ शकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि त्या मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. ज्यांना अक्षराची सर्वांत जास्त गरज आहे, त्या बायका मार्चमधील परीक्षेच्या दिवशी कोणत्या तरी कारखान्याच्या हद्दीत कोयता चालवत असतात. यंदा आमच्या यादीतील सात जणींचे असे झाले. उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब टोळीच्या मुकादमाच्या वहीत असतो. ती वही वाचता यावी, म्हणून त्या शिकायला आल्या होत्या.

एक सूचना अंकांविषयी. प्रौढ शिकणाऱ्यांना अंक मुळीच येत नाहीत, असे समजू नये. फोन लावून लावून इंग्रजी अंक त्यांना ओळखू येतात, पण एस.टी.च्या पाटीवरचे देवनागरी अंक चकवतात. आमच्या एका आजींनी देवनागरी एकाला ठामपणे नऊ म्हटले. पाहिले तर आकार खरोखरच इंग्रजी नवासारखा आहे! देवनागरी चाराला त्या आठ म्हणतात. मी आता दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहून शिकवतो आणि सुरुवात त्यांना येणाऱ्या इंग्रजी अंकांपासून करतो.

पाटीवाली

चष्मेवाला, काल वर्गात सुईचा प्रश्न विचारला. अकरापैकी आठ जणींच्या सुया दुसरे कोणीतरी ओवून देते. दोन वर्षे आम्ही काय करत होतो, याची लाज वाटली.

मुद्रांकवाला यांनी लिहिलेले मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. एरवी दहा वाजले की चुळबुळ सुरू होते, पण काल साडेदहापर्यंत कोणी उठले नाही. प्रत्येकीकडे एकेका कागदाची हकिकत होती आणि त्या मला सांगत नव्हत्या, एकमेकींना सांगत होत्या. व्यवहारी यांना एवढेच सांगते की कमलबाईंना फोनवरचे निरोप सूनच ऐकवते आणि सुनेविषयी बहिणीने पाठवलेला निरोपही तीच ऐकवते.

व्यवहारी

हा शेवटचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य करतो. मात्र वर्ग सोडून गेलेल्या अकरा जणींविषयी कोणी काही बोललेले नाही, तो प्रश्न मी मागे घेत नाही.

सातपुडा

माझा अनुभव नंदुरबार जिल्ह्यातील आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि नंदुरबारची ६४.३८ टक्के. या अंतराचे खापर लोकांच्या उदासीनतेवर फोडण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात डोंगरातील पाड्यांवर घरात पावरी किंवा भिलोरी बोलली जाते. बाजारापुरती आणि दवाखान्यापुरती मराठी येते. अशा बाईला एकाच वेळी लिपी आणि भाषा अशा दोन गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्यात तिला एकच गोष्ट शिकवतो आहोत, अशा समजुतीने आपण चालतो. जनगणनेची व्याख्या पाहिली तर कोणतीही एक भाषा समजून वाचता व लिहिता येणे म्हणजे साक्षरता. ती भाषा मराठीच असावी, असे तेथे म्हटलेले नाही. आम्ही पहिले चार महिने पावरी शब्दच देवनागरीत लिहून शिकवले. भांडी, पिके, नातेवाईक, पाड्यांची नावे. जे तोंडात आहे ते कागदावर दिसले की बायका हसायला लागत आणि हसल्या की पुढचा शब्द मागत.

पाटीवाली यांच्या वर्गात सगळ्या मराठी बोलणाऱ्या असतील, तरी पुस्तकातील मराठी त्यांची आहे का, हे तपासून पाहावे. माझ्या मते त्यांना त्यांचेच बोलणे लिहून द्यावे. पाठ असलेले अभंग, आरत्या, जात्यावरच्या ओव्या यांपैकी काहीही चालेल. ओळ आधीपासून पाठ असल्यामुळे बोट पुढे सरकते आणि अक्षरे मागून ओळखीची होतात.

जुना मास्तर

सातपुडा यांच्याशी थोडा मतभेद आहे. पाठ असलेली आरती 'वाचणाऱ्या' बायका मी पुष्कळ पाहिल्या. पान उलटे धरले तरी त्यांची आरती चुकत नसे. पाठ मजकुरात बोट आणि डोळा यांची फारकत झाली, तर शिकवणाऱ्याला ती कळत नाही. ओव्या अवश्य घ्याव्यात, पण दुसऱ्या दिवशी त्यांतील शब्द सुटे करून, उलटसुलट करून विचारावेत. कमल आणि कलम यांचा जो प्रयोग ताईंनी केला, तोच.

मांडवीतीर

मी गोव्यात असते. ३० मे २०२५ रोजी, म्हणजे घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर घोषित झाला. त्यासाठी ९५ टक्क्यांचा निकष आहे. अभिमान वाटला, हे खरे. पण माझ्या शेजारच्या मासे विकणाऱ्या आजी उरलेल्या टक्क्यांत आहेत आणि घोषणा झाल्यापासून त्यांच्यासाठी वर्ग मागायला गेले की समोरचा माणूस अवघडतो. पूर्ण झालेल्या कामात कोणी हात घालत नाही. जुना मास्तर यांचा ग्रामगौरव समारंभ वाचताना हेच आठवले.

माजी प्रेरक

'साक्षर भारत' कार्यक्रमात मी आमच्या गावच्या लोकशिक्षण केंद्रात प्रेरक, म्हणजे केंद्र चालवणारी, होते. २००९ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८ च्या मार्चमध्ये थांबला. महिना दोन हजार रुपये मानधन होते. ते बंद झाले याचे दुःख नाही. केंद्राची किल्ली परत द्यावी लागली, याचे आहे. नवसाक्षरांसाठीची ठळक टंकातील पातळ पुस्तके तेथे होती. त्यांची पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटावर अजून तशीच आहे. गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे, पण तेथे सकाळी पुरुष वर्तमानपत्र वाचत बसतात आणि चौथीचे पुस्तक अडखळत वाचणारी बाई तेथे पाऊल ठेवेल, ही कल्पना त्या जागेला सहन होणार नाही.

व्यवहारी यांच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे. सोडून जाणाऱ्यांच्या घरी मी जात असे. कंटाळा आला, असे फार थोड्या जणींनी सांगितले. नवऱ्याची रात्रपाळी सुरू झाली, लेक बाळंतपणाला आली, वर्गात धाकटी जाऊ आपल्यापेक्षा पुढे गेली, शेजारणीसमोर चूक झाली, अशी कारणे असत. यांतील शेवटची दोन कारणे कोणी आपणहून सांगत नाही, ती ओळखावी लागतात. मी सासू-सुनांना आणि जावाजावांना वेगवेगळ्या दिवशी बसवत असे आणि चूक कधीही फळ्यावर सुधारत नसे, वहीत सुधारत असे.

टिकलेल्या जणींचे म्हणाल, तर आमच्या बचत गटात इतिवृत्त लिहिण्याची पाळी फिरती ठेवली होती. तीन-चार ओळी असत: तारीख, हजर किती, कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिले. अक्षर वेडेवाकडे असे, आणि बँकेचे साहेब एकदा हसले तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. पण दर महिन्याला ती पाळी येणार, या धाकाने सात बायका आजही लिहितात. केंद्र गेले, मी गेले, वही चालू आहे.

पाटीवाली

सर्वांची मनापासून आभारी आहे. सहा आठवड्यांनी परत येऊन लिहीत आहे.

नेत्रतपासणी झाली. सात जणींना चष्मे लागले आणि एकीचा मोतीबिंदू निघाला, तिची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. सोडून गेलेल्यांपैकी सहा जणींच्या घरी जाऊन आलो. तिघी परत आल्या, त्यांत एकींची धाकटी जाऊ खरोखरच वर्गात होती. त्या दोघींना आता वेगळे दिवस दिले आहेत. बँकेतील प्रसंग ज्यांच्यावर गुदरला, त्या मात्र आलेल्या नाहीत. आपण सही नव्याने नोंदवू, असे मी म्हटल्यावर त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला.

ओव्यांचे काम सुरू केले आहे. प्रत्येकीने एक ओवी सांगायची, मी ती उतरवून घ्यायची, मोठ्या टंकात छापून आणायची आणि जुना मास्तर यांच्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या दिवशी शब्दांच्या चिठ्ठ्या करून विचारायचे. गेल्या शुक्रवारी द्रौपदाबाई चष्मा लावून आपली ओवी वाचत होत्या. दुसऱ्या ओळीत बोट थांबले. मला वाटले अडल्या, म्हणून मी शब्द सांगायला गेले, तर त्यांनी हाताने मला गप्प केले. पुन्हा पहिल्यापासून वाचत आल्या आणि त्याच जागी थांबून म्हणाल्या, "बाई, हितं 'मा'ला काना हाय. मी 'मव्हं' म्हनले हुते. तुमी 'माझं' लिवलंय."

मी पेनने खोडून 'मव्हं' केले.